कुठेही न जाणारी लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. लिफ्ट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उंच इमारत येईल, बटणे येतील, मजल्यांचे आकडे येतील. माझ्याकडे यातले काहीच नाही. मी एका मनोरंजन पार्कात, ‘खाणीची सफर’ नावाच्या राइडच्या तोंडाशी उभी आहे. लोक उन्हातून एका दाराने माझ्यात शिरतात. पायाखालची जमीन हादरते, जाळीबाहेरचे खडक सरसर वर जातात, तबकडीवरचा काटा नऊशे फुटांवर येऊन थांबतो आणि समोरचे दार उघडते. बाहेर काळोख, गारवा, रूळ आणि रुळांवर उभी असलेली छोटी गाडी. सगळ्यांना वाटते, आपण जमिनीच्या पोटात आलो. खरे तर ते चार पावले पुढे आलेले असतात, एवढेच.

मला घडवले एका सुताराने आणि एका फिटरने. सुतार वयाने मोठा होता आणि त्याला हे काम मुळीच पटले नव्हते. पहिल्याच दिवशी त्याने नकाशा पालथा घालून पाहिला आणि विचारले, “ही जाणार कुठे?”

“कुठेच नाही,” फिटर म्हणाला.

“मग लिफ्ट कशाला म्हणता? खोली म्हणा की सरळ.”

“खोलीत शिरताना कोणी आवंढा गिळतं का, काका?”

त्यानंतर सुताराने हात आखडता घेतला नाही. जाड फळ्यांना त्याने मुद्दाम खाचा पाडल्या, कडा घासून बोथट केल्या, खिळ्यांवर मिठाचे पाणी शिंपडून त्यांना गंज आणला. मी जन्मालाच म्हातारी आले. फिटरने माझ्या तळाखाली खड्डा करून त्यात चार स्प्रिंगा बसवल्या आणि एक मुद्दाम वाकडे ठेवलेले चाक बसवले. ते फिरले की मी थरथरते. त्याच चाकाच्या दांड्यावर कापडाचा एक रुंद पट्टा चढवला होता. त्यावर डिंक आणि कोळशाची पूड थापून खडक केले होते. जाळीतून पाहिले की वाटे, खडकच वर चालले आहेत. त्या पट्ट्याला एका जागी शिवण होती. ती इतक्या झपाट्याने जायची की कोणाच्या नजरेला पडायची नाही. मला मात्र दर फेरीला ती जाणवायची आणि मनात चोरट्यासारखे व्हायचे.

माझ्यातून लोकांना खाली नेण्याचे काम एका बाईकडे आले. मुलांनी तिचे नाव पाताळमावशी ठेवले. पुढे पार्कातली मोठी माणसेही तिला मावशीच म्हणू लागली. ती ठेंगणी, खणखणीत आवाजाची. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, कमरेला बॅटरी आणि पायांत स्वतःच्याच चपला, कारण पार्काने दिलेले बूट तिला दोन बोटे मोठे व्हायचे. ती तिच्या धाकट्या बहिणीबरोबर राहायची. बहीण शिवणकाम करायची आणि गर्दीला घाबरायची, म्हणून पार्कात कधी आली नव्हती.

सुरुवातीला मावशी फार बोलायची. “चला चला, पोट आत घ्या, श्वास बाहेर टाका, खाली हवा मोजून मिळते!” लोक हसायचे. मलाही तो आवाज आवडायचा. पण एका दुपारी नातीचा हात धरून एक म्हातारा गृहस्थ आत आला. माझे दार लागले तसा तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी हादरले तेव्हा सगळे किंचाळले. त्याने मात्र डोळे मिटून घेतले. राइड संपवून लोक निघून गेले तेव्हा तो परत मावशीकडे आला.

“बाई, रागावणार नसाल तर एक सांगतो. मी एकतीस वर्षं खाणीत होतो. खरी खाण.”

मावशीने जीभ चावली. “अगंबाई! आणि मी तुमच्यासमोर केवढी बडबड केली.”

“तेच सांगतोय. खाली जाताना कोणी एवढं बोलत नाही. पहिले शंभर फूट बोलतात. मग आपोआप गप्प होतात. ती शांतता फार मोठी असते, बाई. वर येताना मात्र सगळे एकदम बोलायला लागतात. घरी जाऊन पहिल्यांदा काय करणार, तेच सांगतात एकमेकांना.”

“आणि आमची लिफ्ट कशी वाटली?”

त्याने माझ्या फळीवर तळहात ठेवला. “हिचा हादरा खोटा आहे. पण वास खरा आहे,” तो म्हणाला. खड्ड्यात ओली माती राहून गेली होती, तिचा वास. आयुष्यात मला जी काही शाबासकी मिळाली, त्यात हीच सगळ्यात मोठी.

दुसऱ्या दिवसापासून मावशी बदलली. शंभर फुटांपर्यंत ती चार गमती सांगायची. मग एकदम गप्प व्हायची. काटा सरकत राहायचा. वीस माणसे एका लहानशा पेटीत कोणाशीही न बोलता उभी असायची. अनोळखी माणसे एकमेकांच्या जवळ सरकायची. भांडत आलेली नवरा-बायको नकळत हात धरायची. ती शांतता मला इतकी सवयीची झाली की तिच्याशिवाय माझा दिवस सुना जाई.

मित्रांनो, मी रांगेची वकिली करत नाही. माझ्या दाराबाहेरची रांग कधी कधी चाळीस मिनिटांची असायची. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली फरशी, कडेवर रडणारी मुले. अशा थांबण्याने कोणाचे काही भले होत नाही. मावशीनेच पाठपुरावा करून तिथे छप्पर घालून घेतले, पाण्याची टाकी ठेवून घेतली. ती म्हणायची, “नुसतं ताटकळत ठेवणं वेगळं आणि वाट बघायला लावणं वेगळं.”

बरीच वर्षे गेली आणि पार्काला नवे व्यवस्थापक आले. त्यांच्या गळ्यात सदैव एक स्टॉपवॉच, म्हणजे हवे तेव्हा चालू-बंद करायचे घड्याळ, लटकलेले असे. कामगार त्यांना पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. प्रसाधनगृहातले नळ त्यांनी आल्या आल्या दुरुस्त करून घेतले होते. पण त्यांना सगळे मोजायची सवय होती. एकदा ते माझ्या कोपऱ्यात दिवसभर उभे राहिले आणि संध्याकाळी म्हणाले, “मावशी, एका खेपेला चार मिनिटं जातात. राइड आहे तीन मिनिटांची. म्हणजे राइडपेक्षा तुमची लिफ्टच मोठी!”

“हो साहेब.”

“लोक राइडसाठी येतात. ही लिफ्ट काढली तर रांग निम्मी होईल. बाजूने थेट वाट करून देऊ.”

“मग ते खाणीत कसे पोचणार?”

“चालत! चार पावलं तर आहेत.”

“म्हणूनच विचारलं,” मावशी म्हणाली.

साहेबांनी तिचे म्हणणे धुडकावले नाही. त्यांनी माझ्या शेजारून एक बोळ काढला आणि महिनाभर निम्मे लोक बोळातून आणि निम्मे माझ्यातून पाठवले. सफर संपली की ते स्वतः कागद-पेन घेऊन बाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, आवडलं का, किती वेळ लागला असं वाटलं. संध्याकाळी ते मावशीला उत्तरे वाचून दाखवायचे, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवे. बोळातून गेलेले तरुण खूश होते. लगेच बसायला मिळाले, म्हणाले. पण राइड केवढी होती, असे विचारले तर कोणी म्हणे एक मिनिट, कोणी म्हणे दीड. एकाने तर विचारले, “संपली? मला वाटलं गाडी वळण घेतेय.” माझ्यातून गेलेले लोक त्याच तीन मिनिटांना पाच-सहा मिनिटे म्हणत होते. लहान मुले अंधारात कमी रडत होती.

“गंमत आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. पण सगळ्यात जास्त तक्रारी रांगेच्या होत्या. रांग कमी झालेली डोळ्यांना दिसत होती. माणसाच्या मनात सफर लांबली, हे कोणाला दाखवणार? महिना संपला आणि मला कुलूप लागले.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. माझ्यात आधी झाडू आले. मग फुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, मग रंगाचे डबे. उन्हाकडच्या दाराला बाहेरून लोखंडी कठडे टेकवून ठेवले. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हेही लोक विसरले. शेजारच्या बोळातून दिवसभर पावले जायची. पळत जायची, पळत यायची. मला वाटायचे, एक तरी पाऊल थांबेल. कोणी तरी आपल्या मुलाला विचारेल, ही जाळी कसली रे? पण बोळात थांबायला जागाच ठेवलेली नव्हती. तबकडीची काच एका खुर्चीच्या पायाने फुटली. काटा शून्यावर अडकून राहिला. मी शून्यावर होते, आणि मला विचारणारे कोणी नव्हते.

एकच गोष्ट बरी होती. मावशीला साहेबांनी कामावरून काढले नव्हते. गाडीत बसलेल्यांचे पट्टे लावायचे काम तिला आतल्या फलाटावर दिले होते. जेवणाच्या सुटीत ती फलाटाकडच्या माझ्या दाराने आत यायची, एक बादली पालथी घालून बसायची आणि डबा उघडायची. बोलायची नाही. कधी कधी जेवण झाल्यावर पदराने माझी जाळी पुसायची, तेवढीच जेवढी बसल्या जागेवरून हाताला लागेल. ती वाटीएवढी स्वच्छ जागा पुढे दोन वर्षे तशीच राहिली.

मग तो दिवस आला. सुटीचा दिवस होता, भर दुपार. गाडीत सोळा माणसे होती, आणि त्यांत घड्याळसाहेबही होते. वळणावर गाडी हळू होते का, हे त्यांना मोजायचे होते. गाडी अर्ध्या वाटेत असताना वीज गेली. गाडी जागीच थांबली. बाहेर पडायची जुनी वाटही आता बोळातच निघत होती, आणि बोळाला उजेड अडवण्यासाठी विजेवरचे शटर लावले होते. दर फेरीला ते खाली यायचे. ते खाली आले होते आणि आता वर जायला तयार नव्हते. हाताने उचलायची साखळी ओढली तर ती तुटून फिटरच्या हातात आली. हा तोच फिटर, ज्याने मला घडवले होते. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

मावशी आणि फिटर बॅटरी घेऊन बोगद्यात शिरले आणि सगळ्यांना रुळांवरून चालवत फलाटावर घेऊन आले. बाहेर जायला आता एकच वाट उरली होती, माझी. फिटरने फटीतून पहारेकऱ्याला हाक मारली. पहारेकरी ओरडला, “कठडे हलवतो, कुलूप तोडतो, पण वेळ लागेल!”

खुर्च्या भराभर फलाटावर काढल्या गेल्या आणि अठरा माणसे माझ्यात आली. दोन वर्षांनी माझ्यात माणसे आली होती, पण मला आनंद झाला नाही. सगळी घाबरलेली होती. एक बाई दारावर मुठी आपटू लागली. तिला पाहून दोन मुले रडू लागली. सात-आठ वर्षांची एक मुलगी खाली बसली आणि म्हणाली, “आपण किती खाली आहोत? वर कसं जायचं?” तिचा बाप सांगू लागला, “अगं, आपण खाली नाहीच आहोत, हे सगळं खोटं आहे.” पण अंधारात अडकलेल्या मुलाला खोटे काय आणि खरे काय! ती आणखीच रडू लागली. दारावरच्या मुठी वाढल्या. कोणी तरी मागून रेटले. मला भीती वाटली, की आता माणसे एकमेकांना तुडवतील.

मावशीने फिटरचा दंड धरला. “भाऊ, चाक हाताने फिरतं का?”

“फिरतं. खड्ड्यात दांडा आहे. पण आता कशाला?”

“उतरा खाली. आणि उलटं फिरवा.”

मग तिने आपला तो जुना आवाज काढला. “मंडळी! दारापासून मागे व्हा. लिफ्ट वर निघाली आहे. साहेब, तुमची बॅटरी जाळीवर धरा. नऊशे फूट आहे, वेळ लागणार. घाई केली तर लिफ्ट रुसते.”

तळाखालून करकर आवाज आला. मी थरथरले. गंजलेल्या स्प्रिंगा कण्हल्या, पण धरून राहिल्या. बॅटरीच्या उजेडात माझे धुळीने माखलेले खडक हलले आणि हळूहळू खाली जाऊ लागले. मी कधी उलटी चालले नव्हते. शिवण माझ्या अंगावरून खालच्या दिशेने गेली तेव्हा मला अनोळखी वाटली. दारावर आपटणारी बाई थांबली. साहेबांच्या टेबलावर माझे सगळे नकाशे होते. स्प्रिंगा किती, चाकाला दात किती, त्यांना पाठ होते. तरी मी हादरले तशी त्यांनी दुसऱ्या हाताने कठडा घट्ट पकडला.

मावशीने फुटक्या काचेतून बोट घातले आणि काटा नऊशेवर नेऊन ठेवला. “हां. आता ज्याने त्याने सांगायचं, वर गेल्यावर पहिल्यांदा काय करणार. एक जण बोलला की मी काटा पुढे नेणार. कोणी गप्प बसलं तर लिफ्ट तिथंच. बोल गं बाळा, तू पहिली.”

मुलगी हुंदके देत म्हणाली, “शू.”

सगळे हसले. खरोखर हसले. काटा आठशे पन्नासवर आला. एक आजोबा म्हणाले, बूट काढणार. कोणी पाणी पिणार होते. एक तरुण म्हणाला, “आईला फोन करणार. सकाळी भांडून आलोय.” मुठी आपटणारी बाई म्हणाली, “मी आधी या माणसाशी भांडणार, यानेच आणलं मला इथं,” आणि नवऱ्याने अंधारातच कान पकडले. काटा सरकत होता. खड्ड्यातून फिटरचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. मावशी तो आवाज कोणाला ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने बोलत होती. शेवटी ती साहेबांकडे वळली. “आणि साहेब, तुम्ही?”

“काय माहीत,” ते म्हणाले. “घरी वाट बघणारं कोणी नाही. चहा करीन.”

काटा शंभरावर होता तेव्हा कुलूप तुटले. दार उघडले आणि ऊन आत आले. मुलगी सगळ्यांत आधी धावली. बाहेर जमलेल्यांनी विचारले, “किती वेळ अडकला होतात?” आजोबा म्हणाले, “पाच-सात मिनिटं असतील.” कोणी म्हणाले, “एवढी पण नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. त्यांनी ते वीज गेली तेव्हा चालू केले होते. चोवीस मिनिटे झाली होती. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. फक्त मावशीला दाखवले. मावशी फिटरला खड्ड्यातून वर ओढत होती. तिने नुसती मान हलवली.

पुढच्या वर्षी मला पुन्हा सुरू केले. साहेबांनी नव्या स्प्रिंगा आणल्या, बोळ घाईच्या लोकांसाठी तसाच ठेवला आणि मला ज्यांना हवे त्यांच्यासाठी ठेवले. पण तोवर मावशीचे गुडघे गेले होते. दिवसभर उभे राहणे तिला शक्य नव्हते. साहेबांनी तिला आवाज भरून द्यायला बोलावले. ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली आणि तासाभराने परत आली. “नाही जमलं, साहेब,” ती म्हणाली. “समोर कोणीच नाही. मी नेऊ कोणाला?”

म्हणून माझ्यात दुसऱ्याच एका बाईंचा आवाज बसवला. गोड आवाज आहे. दार आपोआप लागते, आपोआप उघडते. शंभर फुटांनंतर तो आवाजही थांबतो, साहेबांनी तशी सूचनाच लिहून दिली होती. पण त्या शांततेत लोक खिशातून फोन काढतात. वीस चेहऱ्यांवर वीस निळे उजेड पडतात. मी वर्षानुवर्षे गर्दीने भरलेली असते आणि खुर्च्या-झाडूंबरोबर होते तेव्हापेक्षा जास्त एकटी असते.

मागच्या महिन्यात मावशी आली. काम करायला नाही, पाहुणी म्हणून. काठी टेकत, रांगेत उभी राहून आली. बरोबर तिची धाकटी बहीण होती. इतकी वर्षे गर्दीच्या भीतीने जी आली नव्हती, ती. मावशी माझ्या मागच्या कोपऱ्यात उभी राहिली. गोड आवाज बोलू लागला. मावशीचे ओठ हलत होते, पण तिने आवाज काढला नाही. मग शांतता झाली. फोन निघाले. मी हादरले तशी बहिणीने मावशीचा हात गच्च धरला आणि कुजबुजली, “ताई, परत वर येता येतं ना गं?”

त्या अंधारात मावशी तिला सगळे सांगू शकली असती. स्प्रिंगा, कापडाचा पट्टा, चार पावले. बावीस वर्षांचे गुपित होते, आणि ऐकणारी सख्खी बहीण होती.

“येतं गं,” मावशी म्हणाली. “मी आहे ना.”

शेजारच्या एका माणसाने हे ऐकले. त्याने फोन खिशात ठेवला आणि आपल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला.

दार उघडले. सगळ्यांच्या मागून मावशी बाहेर पडली. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही, कारण बहिणीला फलाटाची पायरी दिसत नव्हती आणि तिला तिकडे लक्ष द्यायचे होते. मला वाईट वाटले नाही. माणसाला हाताशी धरून नेताना मागे कसे बघणार?

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. मला तेल घाला, माझ्या फळ्यांवर नावे कोरू नका, हे तर आहेच. पण एखाद्या दारापाशी तुम्हाला थांबावे लागले, तर तो वेळ असा झटकून टाकू नका. तुमच्या अलीकडे कोणी उभे असेल, पलीकडे कोणी उभे असेल. त्यांच्यातला एखादा घाबरलेला असेल आणि सांगत नसेल. त्याच्याकडे जरा बघा. एवढे काम मला करता येत नाही. मी फक्त हादरू शकते.